बांगड्याच्या हुमणातला मूळपुरुष

मुलांनो, तुम्ही पाठवलेला तो इंटरनेटवरचा अमानवीय अनुभवांचा धागा मी सगळा वाचला. सकाळी चहानंतर बसले ती जेवायच्या वेळेपर्यंत. निम्म्या लोकांना पांढऱ्या साडीतली बाई दिसते, उरलेल्यांना घाटात लिफ्ट मागणारा माणूस. गोव्याबद्दल तर काय काय लिहिलंय... मला हसू आलं. मग तुम्ही विचारलंत, "आजी, तुला कधीच काही आलं नाही का अनुभवाला?"

माझं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. मी डिचोलीच्या माहेराहून बेळगावला जाऊन शिकलेली, पेडण्याच्या हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई. शाळेत एखाद्या मुलीच्या अंगात आलं की बाकीच्या टीचर हात जोडायच्या आणि मी तिला सावलीत नेऊन ग्लुकोजचं पाणी पाजायचे. बहुतेक वेळा त्या मुलीने सकाळपासून काही खाल्लेलं नसायचं. भूत, देवचार, करणी – यांतलं काहीही मी मानत नाही. आजही नाही.

पण एक गोष्ट आहे. ती मी कपाटातल्या कपड्यांसारखी नीट घडी घालून ठेवायचा पुष्कळदा प्रयत्न केला. तिचं एक टोक नेहमी बाहेर राहतं. तेवढं तुम्हाला सांगते.

गोव्याच्या लिबरेशनला पाच-सहा वर्षं झाली असतील. तुमची आई तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. आम्ही इब्रामपूरला राहायचो – तुमचे आजोबा, मी, तुमची आई, आणि आजोबांची आई. तिला सगळं घर 'माय' म्हणायचं. मायचे गुडघे त्या वर्षी फार धरले. डॉक्टरांनी सांगितलं, मे महिन्यात समुद्राच्या खाऱ्या पाण्यात आंघोळी करा. ही आपल्याकडची जुनी रीत. आतल्या गावांतली माणसं उन्हाळ्यात बिऱ्हाड उचलून किनाऱ्यावर जाऊन राहायची. त्याला आम्ही 'मुदांस' म्हणायचो. शब्द पोर्तुगीज, अर्थ हवापालट. आंघोळी मात्र विषम संख्येतच करायच्या, नाहीतर गुण येत नाही म्हणे. त्यामागचं शास्त्र मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

आम्ही वास्कोला गेलो. बसमधून, दोन ठिकाणी फेरीबोटीत चढून-उतरून. सोबत तांदळाचा डबा, मसाले, खवणीचा आडाळा, आणि घरच्या नारळांचं पोतं. "वास्कोत नारळ मिळत नाहीत का?" असं मी विचारल्यावर मायने माझ्याकडे असं पाहिलं की मी पोत्याचं तोंड स्वतःच बांधलं.

खारीवाड्याच्या किनाऱ्यापासून जरा वर कार्मेलीनबायचं घर होतं. पुढच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर तिने आम्हाला भाड्याने दिलं, मागच्या भागात ती एकटी राहायची. विधवा होती. एकुलता मुलगा मिंगेल तारवटी – म्हणजे बोटीवर खलाशी. आमच्या दोन खोल्यांतली एक त्याचीच होती. भिंतीवर त्याचा फोटो होता, कानात वारं शिरलेल्या पोराचा.

इतकी निवांत सुट्टी मी परत कधी अनुभवली नाही. सकाळी सगळे किनाऱ्यावर. जुनं लुगडं नेसून माय माझा आणि आजोबांचा हात धरून पाण्यात उतरायची, आणि लाट आली की समुद्रालाच दम भरायची – "हळू रे! सोयऱ्यांकडे इलंव आमी." परत येऊन जेवण, मग झोप. दुपारी अख्खं वास्को झोपायचं, दुकानंसुद्धा. संध्याकाळी बंदरातल्या बोटी मोजत फिरायचं. आजोबांनी तर सुट्टीत स्वयंपाक शिकायचं मनावर घेतलं. ऑफिसात फाइलींवर शेरे मारणारा माणूस लुंगी नेसून आडाळ्यावर नारळ खवायला बसायचा. माय म्हणायची, "कसांय कर हां, बोटां खवू नको. शाकाहारी दिवस आसा आज."

माय आणि कार्मेलीनबाय यांची मैत्री कशी झाली ते मला नीट सांगता यायचं नाही. एक जपमाळ ओढणारी, एक तुळशीला पाणी घालणारी. माय तिच्या हातचं काही खायची नाही. पावही नाही.

"ते पाव पायांनी मळतत म्हणे," माय म्हणायची.

"हातांनी गो माये, हातांनी! पायांनी मळूंक तो किते चिखल?" कार्मेलीनबाय कमरेवर हात ठेवून सांगायची.

पण दोघी तासन् तास मागच्या पायरीवर बसलेल्या असायच्या. बोलायच्या बहुतेक मिंगेलबद्दलच. कारण त्याची काहीच खबर नव्हती. एरवी कुठल्याही बंदरातून त्याचं चार ओळींचं पत्र यायचंच. या वेळी कित्येक महिने काही नाही. कार्मेलीनबाय बंदरावरच्या एका एजंटच्या कचेरीत खेपा घालायची. तिथला कारकून म्हणायचा, बोट तर पुढे गेली, तुमचा मुलगा यादीत दिसत नाही, चौकशी करू. यादीत दिसत नाही म्हणजे काय, ते तो सांगेना.

एके दिवशी मी तिच्याबरोबर गेले, इंग्रजीत जरा कडक बोलले. कारकून उठून उभा राहिला, पण उत्तर तेच.  घरी आल्यावर तिने आतून दार लावून घेतलं. त्या दिवसापासून तिची चूलच पेटेना. मी चहा नेला, परत आला. पेज नेली, तीही तशीच. "टीचर, म्हजो पूत जेवला काय ना तें म्हाका खबर ना," ती म्हणाली, "मागीर हांव कशी जेवूं?"

माय हे सगळं बघत होती. 

मग तो बांगड्यांचा दिवस आला. किनाऱ्यावर ताजे बांगडे मिळाले, आणि आजोबांनी जाहीर केलं की आज हुमण, म्हणजे माशांची नारळातली आमटी, मी करणार. माय आणि मी तुमच्या आईला न्हाऊ घालायला विहिरीवर. पोत्यातले नारळ संपत आलेले, होते ते कोवळे. आजोबांनी शोधाशोध केली तर तांदळाच्या डब्यात, तांदळात अर्धा पुरलेला एक छान, शेंडीवाला, खणखणीत नारळ सापडला. जुन्या बायका नारळ टिकावा म्हणून तांदळात ठेवत असतील असं त्यांना वाटलं. फोडला, खवला, तिरफळं घालून रगड्यावर वाटला.

आणि हुमण खरंच अप्रतिम झालं! मी स्वतः एक वाटी कार्मेलीनबायकडे नेली. नको म्हणायच्या आधी वास तिच्यापर्यंत पोचला असावा. वाटी तिने ठेवून घेतली. आम्ही सगळे पोटभर जेवलो. मायने तर दोनदा भात घेतला.

जेवणानंतर माय रात्रीचे तांदूळ काढायला डब्याशी गेली. तिची हाक ऐकू आली –

"रे, तांदळातलो नारळ खंय गेलो?"

"फोडला," आजोबा आडवे पडल्या पडल्या म्हणाले. "काय गोड होता गं!"

 मी आत गेले. माय जमिनीवर बसली होती, डब्याचं झाकण मांडीवर.

"मेल्या," ती म्हणाली, "तू मूळपुरुष फोडलंस."

तुम्हाला सांगायला हवं. आपल्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक नारळ असतो, तो तुम्ही पाहिलाय. ज्या पूर्वजाने इब्रामपुरात पहिल्यांदा घर बांधलं, शेत केलं, त्याच्या नावाचा तो. तांदळावर ठेवतात, दरवर्षी गणेशचवथीला बदलतात. घराचा राखणारा तोच. घर बंद करून निघताना देवांचं दिवाबत्तीचं काम शेजारी राहणाऱ्या आजोबांच्या चुलतभावांना सांगितलेलं होतं. पण मूळपुरुषाला घरात एकटा, उपाशी ठेवायचं मायच्या जिवावर आलं. तिने त्याला गुपचूप तांदळात घालून वास्कोला आणला, आणि तांदूळ काढायलाही ती दुसऱ्या कोणाला डब्याशी जाऊ देत नसे. आम्ही समुद्रावर गेलो की एखादे दिवशी ती "गुडघे दुखतत" म्हणून मागे राहायची, ते त्याला फूल वाहायला. कुंकू होतं, ते तांदळात घासून गेलेलं.

"सांगायचं तरी होतंस!" आजोबा आता उठून बसले होते.

"सांगला आसता तर हाडूंक दिलो आसतंस?"

 आजोबांचा चेहरा बघून मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. शेवटी ते हळूच म्हणाले, "माय... त्याला बांगडे तरी आवडत असतील ना?"

"गप!"

तेवढ्यात कार्मेलीनबाय दारात आली. धुतलेली वाटी, आणि रिकामी परत करायची नाही म्हणून त्यात दोन चिकू. चेहऱ्यावर जरा रंग होता. "टीचर, कितें बरें हुमण! कितल्या दिसांनी आयज पोटांत कितें तरी गेलें."

मायने तिच्याकडे पाहिलं. मग वाटीकडे.

"हिणांय खाल्लां?" तिने मला विचारलं.

मी मान हलवली. मला वाटलं आता काहीतरी भयंकर होणार. कारण चवथीला तो जुना नारळ फोडतात तेव्हा त्याचा तुकडा फक्त घरातल्या माणसांनी खायचा असतो. लग्न होऊन गेलेल्या मुलींनाही देत नाहीत. तुमची आई अजून त्यावरून भांडते.

माय उठली. गुडघे धरत, पण उठली. पोत्यातला उरलेला एक नारळ घेतला, मूठभर तांदूळ काढून पाटावर ठेवले, त्यांवर तो मांडला. आणि गाऱ्हाणं घालायला उभी राहिली. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने घातलेली विनवणी – ते गावात पुरुष घालतात. बाईने घातलेलं मी ना आधी ऐकलं, ना नंतर.

"बा मूळपुरुषा, महाराजा! आज ह्या बंदरार, खाऱ्या पाण्याच्या कडेक, तुझ्या लेकराच्या हातसून चूक झाली. तुका फोडलो, वाटलो, बांगड्यात घातलो. जां झालां तां झालां! पण तू ह्या बायेच्या पोटात गेलंस, तर ही आता तुझ्या घरची झाली. हिचो झील दर्यार खंय गेलो, जेवलो काय उपाशी आसा, कोणाक ठाऊक नाय. तेका बघ. तेका हाड. घरातलां एक माणूस उपाशी भायर ऱ्हवलां तर तुझ्या नावाक काय अर्थ, महाराजा!"

"व्हय महाराजा," आजोबा म्हणाले. अगदी बारीक आवाजात.

"आमेन," कार्मेलीनबाय म्हणाली, आणि पायरीवर बसून रडायला लागली.

मी दोन्ही म्हटलं नाही. मी हुमणाचं भांडं घासायला घेतलं.

त्या दिवसापासून कार्मेलीनबाय आमच्याकडेच जेवू लागली. तिला 'नको' म्हणायची सोयच ठेवली नव्हती, माय आत बोलावून पान मांडायची. मे सरत आला. मायच्या आंघोळी झाल्या, गुडघे बरे झाले. शाळा उघडायची वेळ जवळ आली. मी सामान बांधायची भाषा काढली तर माय म्हणाली, "तुमी जावा. आमचां माणूस अजून येवूक नाय."

"कोण माणूस?"

"मिंगेल."

आजोबांनी समजावलं, मी समजावलं. पाऊस लागेल, फेरीबोटी बंद होतील. ती ढिम्म हलली नाही. मला खरी भीती दुसरीच होती. मुलगा आला नाही, किंवा वाईट बातमी आली, तर? मायच्या शब्दावर त्या बाईने सगळा जीव टांगून ठेवला होता. मी मायला तसं बोलूनही दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "तू तुझी शाळा बघ, गो. तेचां काम तो बघता."

शाळा उघडायला थोडेच दिवस उरलेले. भर दुपार. कार्मेलीनबाय इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, गेली होती. आम्ही जेवायला बसणार तोच दारात एक माणूस उभा राहिला. हातात कापडी पिशवी, अंगावरचा शर्ट दुसऱ्या कोणाचा तरी वाटावा इतका ढगळ, डोक्यावरचे केस नुकते वाढू लागलेले. फोटोतला पोरगा मी ओळखलाच नाही. मायने ओळखला. फोटोकडे तिने पूर्वी कधी पाहिलं असेल असंही मला वाटत नव्हतं.

"इलंस?" ती म्हणाली. "जेवलंस काय?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. दाराची चौकट धरली. मग कोकणीत त्याने विचारलं, "तुमी खंयचीं?"

"इब्रामपूरची. बस आदी. हात धू."

तो बसला. मायने त्याला आत, आमच्या पंगतीत बसवलं. आणि तो जेवला – असा जेवला की आजोबा आपला घास हातात धरून बघत राहिले. मध्येच बाहेर फाटक वाजलं. कार्मेलीनबाय येताना दिसली. माय लगबगीने उठून दारात आडवी उभी राहिली. "रव गो जरा! जेवूंदे तेका. तू रडाक लागलंस की तेचां जेवण ऱ्हवात." पण त्या बाईला ती कुठली थांबवणार! मायला ढकलून ती आत आली, मुलाचं डोकं तिने छातीशी धरलं, आणि त्याच्या खरकट्या हाताचा भात तिच्या फ्रॉकला लागला.

सगळं शांत झाल्यावर त्याने सांगितलं. एका परक्या बंदरात त्याला विषमज्वर झाला. बोट त्याला तिथल्या इस्पितळात उतरवून पुढे निघून गेली, कागदपत्रांचा घोळ झाला. भाषा कळेना. ताप उतरेना, मग उतरला तरी खाववेना. नर्स ताट ठेवायची आणि उचलून न्यायची. "हांवें सोडून दिल्लें," तो म्हणाला. म्हणजे, जगायचं सोडून दिलं होतं.

"मग एक म्हातारा आला. दिवसाढवळ्या. कमरेला कासोटी, खांद्यावर घोंगडी. माझ्या खाटेवर बसला. मला वाटलं बाजूच्या वॉर्डातला कोणी आपल्याकडचा. त्याने ताट माझ्यापुढे सरकवलं आणि मला शिव्या घालायला लागला. बोली ह्या मायेसारखी. अगदी अशीच." त्याने मायकडे बोट केलं. "म्हणाला, घरातली सगळी जेवली, तूच एक ऱ्हवलंस. ऊठ. तू जेवल्याबगर माका उठाक येवचां नाय."

"मग?" आजोबांनी विचारलं.

"जेवलों. तो रोज यायचा, मी जेवेपर्यंत बसायचा. एकदा मी विचारलं, तू कोण? तर हसायला लागला." मिंगेल माझ्याकडे वळला. "टीचर, तुम्ही शिकलेल्या. त्याने जे सांगितलं त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. म्हणाला – माका मेल्यांनी वाटून बांगड्यात घातलो. आता कोणाकोणाक बघू!"

आजोबांच्या हातून पाण्याचा तांब्या खाली पडला.

 माय हसली. तोंडाला पदर लावून, अंग गदगदा हलेपर्यंत हसली, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आता मी काय काय तपासलं ते सांगते, कारण तुम्ही विचाराल. तापात माणसाला भास होतात, हे मान्य. मायची बोली त्याला कुठून माहीत? त्यानेच सांगितलं, बोटीवर मालवणकडचे खलाशी होते, तर तेही मान्य. वर्णन जुळतं का? मूळपुरुषाचं वर्णन कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे जुळायचा प्रश्नच नाही. म्हातारा आला तो आधी की आम्ही हुमण खाल्लं ते आधी? मिंगेलला त्या इस्पितळातल्या तारखा-वार आठवत नाहीत. पण बांगडे? त्या घरात पाऊल ठेवल्यापासून तो आमच्या नजरेसमोर होता. आजोबांनी शपथेवर सांगितलं की ती फजिती त्यांनी वास्कोत कोणालाही सांगितली नव्हती, आणि ती सांगण्यासारखी होती तरी का? कार्मेलीनबायने मुलाला धरल्यापासून रडण्याखेरीज काही केलं नव्हतं. तरीही मी तिला एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, "टीचर, तो कितें म्हणटा तें हांव तुमच्याच बरोबर पयलेच खेपे आयकतां."

एवढं एक टोक बाहेर राहतं.

त्या वर्षी चवथीला घरी नवा नारळ ठेवला. मिंगेल आणि त्याची आई वास्कोहून आली. गाऱ्हाणं घालायचा मान मोठ्या चुलतभावांचा. घरातली नावं घेताना मायने मागून सांगितलं, "मिंगेलाचां नाव घे." ते थबकले. "काकी, किरिस्तांवाचां?"

"माका कित्याक इचारतंस?" माय म्हणाली. "समोर आसा, तेका इचार. तोच गेल्लो तेका हाडूंक."

चुलतभावांनी नारळाकडे पाहिलं. मग त्यांनी नाव घेतलं, आणि सगळं घर म्हणालं – व्हय महाराजा.

माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. तुम्हाला सापडलं तर कळवा, मी मोकळ्या मनाने वाचेन. मात्र खरं सांगू? त्या दिवशी घराच्या आवाजात माझाही आवाज होता.